लाल पेनाबाहेरची वही

देवळा तालुक्यातल्या शाळांच्या हजेरीपटावर कांद्याचं वेळापत्रक वाचता येतं. डिसेंबर-जानेवारीत उन्हाळ कांद्याची लागवड सुरू झाली की काही मुलं दिसेनाशी होतात. कोणी रोपांच्या जुड्या पोचवायला वावरात असतं, कोणी धाकट्या भावंडाला घेऊन बांधावर बसलेलं असतं. मार्च-एप्रिलमध्ये काढणी आली की पुन्हा तेच. मग कांदा चाळीत जातो आणि दिवाळीपर्यंत घराचा जीव त्या चाळीत अडकून राहतो. उमराण्याच्या बाजारात आज काय भाव निघाला हे मुलांना कोणी सांगत नाही, पण रात्री जेवताना बाप किती बोलतो त्यावरून त्यांना ते कळतं. सप्टेंबर २०२० मध्ये निर्यातबंदी आली, ऑगस्ट २०२३ मध्ये ४० टक्के निर्यातशुल्क आलं, त्याच डिसेंबरात पुन्हा बंदी आली. या तारखा इथल्या दहा-अकरा वर्षांच्या मुलांना पाठ नसतील, पण त्या दिवसांत घरात पसरलेली शांतता त्यांच्या लक्षात असते.

यंदाच्या अंकासाठी संपादकांनी ‘वही’ हा विषय दिला, तेव्हा मला हिशेबाच्या वह्या, कीर्तनकारांच्या वह्या असं बरंच काही सुचलं. मन मात्र एका वेगळ्या वहीकडे ओढलं गेलं. काही शिक्षक मुलांना एक जादा वही देतात. तिच्यात मुलांनी स्वतःचं लिहायचं, ती तपासली जात नाही, तिला गुण नसतात. अशी वही वर्गात नेमकी कशी चालते ते पाहायला मी भावडबारीचा घाट ओलांडून देवळ्याला गेलो.

छत्रीला बोलता येतं

आपल्या शाळांत मुलं आत्मकथन लिहितात. ते फाटक्या पुस्तकाचं असतं, वठलेल्या झाडाचं असतं, नदीचं असतं, छत्रीचं असतं. दहावीच्या मराठीच्या पत्रिकेत लेखनप्रकारांचा आठ गुणांचा प्रश्न असतो. तिथेही प्रसंगलेखन आणि वैचारिक लेखनाच्या जोडीला आत्मकथन हजर असतंच. या प्रकाराशी माझं भांडण नाही. दुसऱ्याच्या जागी उभं राहून बोलणं ही मोठी गोष्ट आहे. पण दहा वर्षं शाळेत घालवून मूल छत्रीच्या वतीने बोलायला शिकतं आणि स्वतःच्या वतीने चार खरी वाक्यं लिहायची वेळ त्याच्यावर एकदाही येत नाही, हे मला फार खुपतं.

स्वतःविषयी लिहायला सांगितलं जातं तेव्हाही गाईडमधली आई मदतीला येते. ती पहाटे उठते, सडा-रांगोळी करते, सगळ्यांच्या आधी उठून सगळ्यांच्या नंतर झोपते, तिच्या हाताला चव असते. साऱ्या वर्गाच्या आया एकसारख्या. ज्याची आई नाही ते मूलही हीच आई लिहितं, कारण याच आईला गुण मिळतात. खरी आई लिहायची तर शुद्धलेखनाच्या चुका होतील, वाक्यं अर्धी राहतील, शेवटी सुभाषित बसणार नाही.

लिहिण्यासारखं खरं दुःख मात्र इथे कमी नव्हतं. २८ जानेवारी २०२० रोजी मालेगाव-देवळा रस्त्यावर मेशी फाट्याजवळ एसटी बस आणि रिक्षाची धडक झाली आणि दोन्ही वाहनं रस्त्याकडेच्या विहिरीत पडली. २६ माणसं गेली. वर्तमानपत्रांतून आकडा सगळीकडे पोचला. त्यानंतर दोनच महिन्यांत कोरोनाने शाळा बंद झाल्या. शाळा ज्या काळात बंद होत्या त्याच काळात अनेक घरांतली माणसंही गेली. २०२१ च्या जुलैपासून ४५ दिवसांचा सेतू अभ्यास आला. तो मागे राहिलेल्या भाषेचा, गणिताचा होता आणि त्याची गरज होतीच. मात्र वर्गात परत आलेल्या मुलाच्या मनात दरम्यानच्या दीड वर्षाचं काय साठलंय, हे विचारायची पद्धत आपल्या शाळांकडे तेव्हा नव्हती. मी ज्यांच्या वर्गात बसलो त्या बाईंनी जादा वह्या वाटल्या त्या याच सुमारास.

शनिवारी सकाळी

गावाचं आणि शाळेचं नाव लिहीत नाही; कारण पुढे येईलच. जिल्हा परिषदेची शाळा, तिसरी आणि चौथी एका खोलीत. शनिवारी शाळा सकाळची. २०२४ च्या मार्चमध्ये शासनाने पहिली ते आठवीसाठी ‘आनंददायी शनिवार’ जाहीर केला, त्यामुळे बाईंच्या या वहीच्या तासाला आता कागदोपत्री जागाही मिळाली आहे. त्याआधी त्या तो भाषेच्या तासातून काढून घेत.

कपाटातून वह्या निघतात. कव्हरवर नाव नसतं. प्रत्येकाने स्वतःला ओळखू येईल अशी एक खूण काढलेली असते. बैलाचं शिंग, पतंग, ट्रॅक्टरचं मागचं चाक. मुलं हवी तिथे जाऊन बसतात: पायरीवर, कडुनिंबाखाली, दोघं तर पाण्याच्या टाकीमागे. बाई फळ्यावर एक ओळ लिहितात. त्या दिवशीची ओळ होती, ‘आमच्या घरात एक काम असं आहे...’ बस्स. ज्याला ही ओळ नको असेल त्याने दुसरं लिहायचं. ज्याला लिहायचंच नसेल त्याने चित्र काढायचं किंवा नुसतं बसायचं. बाई स्वतःही खाली बसून स्वतःची वही उघडतात, आणि मला वाटतं सगळ्या तासाचा जीव इथे आहे. मुलं लिहीत असताना मास्तर लिहीत नसेल तर तो पहारेकरी होतो.

एक मुलगा मध्येच उठून आला.

“बाई, अहिराणीमा लिखू का?”

“लिख ना.”

पंधरा-वीस मिनिटांनी ज्याचं त्याचं लिहून होतं. आता पानाची घडी. पान मधोमध दुमडलं तर बाईंनी ते वाचायचं नाही. उघडं ठेवलं तर वाचायचं. वर्गात मोठ्याने वाचायची सक्ती कधीच नाही. कोणाला वाटलंच तर तो हात वर करतो. बाकीच्यांनी ऐकायचं, टाळ्या वाजवायच्या नाहीत. टाळ्यांची बंदी मला सुरुवातीला कठोर वाटली. पण एकाच्या दुःखाला टाळ्या मिळाल्या की पुढच्या शनिवारी दुसरा तसंच दुःख शोधू लागतो, हे बाईंनी पाहिलेलं होतं.

उघड्या पानांना बाई शिसपेन्सिलीने उत्तर लिहितात, एक किंवा दोन ओळी. लाल पेन या वहीला लागत नाही. ऱ्हस्व-दीर्घ सुधारायची जागा वेगळी, दुसऱ्या वहीत, दुसऱ्या दिवशी.

एका पानाबद्दल त्यांनी मला सांगितलं, त्या मुलीला विचारून. तिने कांद्याच्या चाळीवर ताडपत्री कशी टाकतात ते लिहिलं होतं. अवकाळीचे ढग दिसले की आई कशी धावते, कोपरे दगडांनी कसे दाबायचे, वारा कुठल्या बाजूचा असतो, रात्री बॅटरी कोण धरतं. पूर्ण पान अशाच तपशिलांनी भरलेलं. शेवटच्या ओळीत एवढंच, की हे काम पूर्वी पप्पा करायचे. पप्पा गेले, हे लिहिलेलं नाही. बाईंनी उत्तरात सांत्वन लिहिलं नाही. त्यांनी विचारलं: बॅटरी तू धरतेस तेव्हा आई तुला काय सांगते? पुढच्या शनिवारी दीड पान आलं.

सांत्वनाचं वाक्य आलं असतं तर विषय तिथेच संपला असता. आपण मोठी माणसं पोरक्या लेकराला ‘रडू नको’ म्हणतो आणि त्याचं बोलणं बंद करतो. प्रश्न विचारला म्हणजे मुलाला कळतं, की समोरच्याने शेवटच्या ओळीपर्यंत वाचलंय आणि त्याला पुढचंही ऐकायचंय.

घरची बोली

देवळा, कळवण, बागलाण, मालेगाव या पट्ट्यात अनेक घरांतून अहिराणी बोलली जाते. मूल शाळेत येतं आणि ‘मनी माय’ची ‘माझी आई’ होते. पुस्तकाची भाषा यायलाच हवी, पुढचं शिक्षण तिच्यातच आहे. पण आई गेली ती अहिराणीत गेलेली असते. बाप ओरडला तो अहिराणीतच ओरडलेला असतो. पुस्तकी मराठीत लिहायचं म्हटलं की मूल आधी भाषांतराला लागतं आणि त्या धडपडीत सांगायचं राहून जातं.

न्यूझीलंडमध्ये सिल्व्हिया ॲश्टन-वॉर्नर नावाची शिक्षिका माओरी मुलांना शिकवत होती. १९६३ साली तिचं पुस्तक आलं, त्यात तिने सांगितलंय, की ती प्रत्येक मुलाला रोज विचारी, तुला आज कुठला शब्द हवा? मूल सांगेल तो शब्द ती कार्डावर लिहून देई. भीतीचे आणि प्रेमाचे शब्द मुलं एकदाच पाहून वाचू लागत. छापील वाचनमाळेतले सपक शब्द मात्र महिनोन्‌महिने डोक्यात शिरत नसत. मुलाच्या मनात जे पेटलेलं असतं त्याच्यावरूनच अक्षर चढतं, हे तिचं म्हणणं देवळ्याच्या त्या खोलीत मला डोळ्यांनी दिसलं. भाषेच्या वहीत चार ओळींवर अडणारा मुलगा अहिराणीत दोन पानं लिहितो. अक्षर गिचमिड, मात्रा गायब, पण थांबत नाही. आणि ज्याने दोन पानं लिहिली त्याचं प्रमाण मराठीही दोन-चार महिन्यांत मोकळं होतं, असा बाईंचा अनुभव.

ही वाट जुनी आहे

हे सगळं परदेशातून आलेलं नवं खूळ आहे असं काही मुख्याध्यापक म्हणतात. त्यांना मी आपल्याच घरातली माणसं दाखवू इच्छितो.

१८५५ साली ‘ज्ञानोदय’ने मांग-महारांच्या दुःखाविषयीचा एक निबंध दोन अंकांत छापला. लिहिणारी मुक्ता साळवे, जोतिराव-सावित्रीबाईंच्या पुण्यातल्या शाळेची विद्यार्थिनी, वय अवघं चौदा. बाळंतपणात डोक्यावर छप्परही नसलेल्या आपल्या बायकांच्या यातना तिने लिहिल्या. शाळेत अक्षरं शिकून अवघी काही वर्षं झालेली, आणि त्या अक्षरांचा पहिला उपयोग तिने आपल्या माणसांचं सोसणं सांगायला केला. मराठीतल्या शालेय निबंधाचा इतिहास लिहायचा तर तो इथून सुरू करावा लागेल.

देवळ्याहून खानदेशात उतरलं की अमळनेर लागतं. १९२४ ते १९३० या काळात साने गुरुजी तिथल्या प्रताप हायस्कुलात शिक्षक होते आणि छात्रालयही सांभाळत होते. मुलांसाठी ते ‘छात्रालय’ नावाचं हस्तलिखित दैनिक काढत. मास्तरांनी हाताने लिहिलेलं, मुलांनी दुसऱ्या दिवशी वाचायचं, रोजच्या जगण्यातलं. पुढे १९३३ च्या फेब्रुवारीत नाशिकच्या तुरुंगात त्यांनी ‘श्यामची आई’ लिहायला घेतलं आणि काही दिवसांत हातावेगळं केलं. त्या पुस्तकाला आपण संस्कारांचं पुस्तक करून टाकलं. मला ते आई गमावलेल्या मुलाने रात्री-रात्री सोबत्यांसमोर केलेलं मन मोकळं करणं वाटतं. त्याची रचनाच तशी आहे: सांगणारा एक, ऐकणारे भोवती, रोज एक रात्र. ऐकणारे होते म्हणून सांगता आलं.

कोल्हापुरात लीलाताई पाटील यांनी १९८५ मध्ये ‘सृजन आनंद विद्यालय’ सुरू केलं. त्यांच्या एका पुस्तकाचं नावच ‘लिहिणं मुलांचं, शिकवणं शिक्षकांचं’ आहे. मूल परिसरात जाऊन, माणसांना भेटून, पाहून लिहितं तेव्हा ते स्वतःचं मतही घडवतं, हा त्यांचा आग्रह होता. २०२० मध्ये त्या गेल्या; शाळा सुरू आहे, आणि तिथून प्रेरणा घेतलेले शिक्षक राज्यभर आहेत.

फलटणची गोष्ट तर मला नेहमी हलवते. बेबीताई कांबळे गावात छोटं दुकान चालवत. गिऱ्हाईक नसेल तेव्हा हाताला लागेल त्या कागदावर त्या आपलं आणि आपल्या समाजाचं जगणं लिहीत आणि घरच्यांना दिसू नये म्हणून लपवून ठेवत. अशी वीसेक वर्षं गेली. फलटणमध्ये राहून तिथल्या बोलीचा अभ्यास करणाऱ्या मॅक्सीन बर्नसन यांना त्या लिखाणाचं समजलं. त्यांनी ते पुढे आणण्याचा आग्रह धरला आणि १९८६ मध्ये ‘जिणं आमुचं’ पुस्तकरूपाने आलं. त्याच मॅक्सीनबाईंनी फलटणमध्ये ‘कमला निंबकर बालभवन’ ही शाळा उभी केली. ज्या बाईला एका लपवलेल्या वहीची किंमत कळली, तिची शाळा मुलांच्या बोलण्यातून वाचन-लेखन शिकवू लागली, यात मला जराही नवल वाटत नाही.

कारण, म्हणून, समजलं

लिहिल्याने बरं वाटतं हे सगळेच म्हणतात. ते तपासून पाहिलं जेम्स पेनेबेकर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने. १९८६ मध्ये सँड्रा बील यांच्यासोबत प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात त्यांनी महाविद्यालयातल्या मुलांना सलग चार दिवस, रोज पंधरा मिनिटं लिहायला बसवलं. एका गटाला आयुष्यातल्या सर्वांत क्लेशकारक अनुभवाबद्दल, दुसऱ्याला साध्यासुध्या गोष्टींबद्दल. ज्यांनी क्लेशाबद्दल नुसत्या घटना न लिहिता त्या वेळचं मनही लिहिलं, ते पुढच्या काही महिन्यांत आरोग्यकेंद्रात कमी वेळा गेले.

पुढे शेकडो अभ्यास झाले. २००६ मध्ये जोआन फ्रॅटारोली यांनी १४६ प्रयोग एकत्र तपासले, तेव्हा फायदा खरा पण लहान निघाला. हे मी मुद्दाम सांगतोय. वही म्हणजे औषध नव्हे, आणि ज्या मुलाला डॉक्टरची गरज आहे त्याच्या हातात वही देऊन मोकळं होणं हा अपराध आहे.

पण पेनेबेकर यांना त्या लिखाणात आणखी एक गोष्ट आढळली. ज्यांना लिहिण्याचा लाभ झाला त्यांच्या पानांत दिवसागणिक ‘कारण’, ‘म्हणून’, ‘मला समजलं’ अशा अर्थाचे शब्द वाढत गेले. पहिल्या दिवशी तुकडे असतात: आवाज, रडणं, अंधार. चौथ्या दिवशी तुकड्यांची गोष्ट व्हायला लागते. गोष्ट झाली की ती आपल्याला धरून ठेवत नाही, आपण तिला हातात धरू शकतो. आणखी एक बारकावा शिक्षकाने लक्षात ठेवायलाच हवा. असं लिहून उठल्यावर लगेच बरं वाटत नाही. काही वेळ मन जास्तच जड होतं. म्हणून लिहिण्याचा तास शाळा सुटण्याच्या तोंडाशी ठेवायचा नाही. बाई लिहून झाल्यावर मुलांना मैदानात नेतात, लंगडी, खो-खो, मग घर. आणि घाव अगदी ताजा असताना त्यावर लिही असं कोणालाही सांगायचं नाही. मेशी फाट्यासारखा प्रसंग घडला तर पहिल्या आठवड्यात मुलांना लागतं ते नेहमीचं वेळापत्रक, ओळखीची माणसं आणि पोटभर जेवण. वही त्यानंतर, आणि तीही मागितली तर.

पान कोणाचं?

२०२० च्या जानेवारीत बीड जिल्ह्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेतल्या चिमुकल्याने वडिलांवर निबंध लिहिला. वडील नुकतेच आजारपणात गेले होते. गाईडमधले बाबा त्यात नव्हते. स्वतःचे होते, आणि ते गेल्यावर घरात रात्री वाटणारी भीती होती. निबंधाचा फोटो समाजमाध्यमांवर फिरला, वर्तमानपत्रांत छापून आला, राज्यभर लोक हळहळले, घराला मदतही मिळाली. मदत मिळाली हे चांगलंच झालं. तरी त्या दिवसांपासून एक प्रश्न मला सोडत नाही: ते पान जगाला दाखवायचं की नाही हे त्या वयाचं मूल खरोखर ठरवू शकतं का? मोठा झाल्यावर शोधलं की त्याला आपलं बालपणीचं दुःख आपल्या नावानिशी सापडणार. म्हणून या लेखात शाळेचं नाव नाही, आणि एकाही पानाचा फोटो नाही.

कॅलिफोर्नियातल्या लाँग बीच इथे एरिन ग्रुवेल या शिक्षिकेने १९९४ पासून टोळीयुद्ध आणि दारिद्र्यात वाढलेल्या मुलांना रोजनिशी लिहायला दिली. १९९९ मध्ये त्या रोजनिशींचं पुस्तक आलं, पुढे चित्रपटही निघाला. त्या पुस्तकात मुलांची नावं नाहीत, नोंदींना फक्त क्रमांक आहेत. इतकी काळजी आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आपण घेतो का? उपक्रमाचे फोटो पाठवा, असा निरोप आजूबाजूच्या शाळांच्या केंद्रातून येतो. बाई मुलं लिहीत असतानाचे पाठमोरे फोटो पाठवतात. वह्या बंद.

गुप्ततेला एक सीमा आहे, आणि ती मुलांना पहिल्याच दिवशी सांगावी लागते. बालकांचं लैंगिक अपराधांपासून संरक्षण करणारा २०१२ चा कायदा, म्हणजे पोक्सो, त्याच्या कलम १९ नुसार असा गुन्हा घडल्याचं किंवा घडण्याची शक्यता असल्याचं ज्याला कळेल त्याने पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. शिक्षकाला ते वहीतून कळलं तरीही. त्यामुळे ‘मी कोणालाच सांगणार नाही’ असं वचन शिक्षकाने द्यायचंच नाही. बाई मुलांना म्हणतात: तुमचं लिहिलेलं माझ्यापाशी राहील, पण कोणी तुम्हाला इजा करत असेल तर मी मदत करणाऱ्या माणसाला सांगेन, आणि त्याआधी तुम्हाला सांगेन. वर्गाच्या दारामागे १०९८ हा चाइल्ड हेल्पलाइनचा क्रमांक मुलांच्या उंचीवर लिहिलाय. त्याखाली मानसिक आरोग्याच्या मदतीसाठीच्या टेलिमानसचा १४४१६. हा दुसरा मोठ्यांनाही उपयोगी पडावा म्हणून. पालक सभेला येतात तेव्हा त्यांच्या नजरेस तो पडतो.

अडचण पुढची आहे. क्रमांक आहे, पण जवळ माणूस नाही. जिल्हा परिषदेच्या छोट्या शाळेला समुपदेशक नसतो. मुलाला मानसोपचारतज्ज्ञाकडे न्यायचं तर शहर गाठावं लागतं, म्हणजे आईचा एक रोज बुडतो. आणि शाळेत दोन शिक्षक, चार वर्ग, पोषण आहाराच्या नोंदी, ऑनलाइन माहिती, निवडणुकीची कामं. त्यात शनिवारी वीस-पंचवीस मुलांची पानं मनावर घेऊन घरी जायचं. शिक्षकाचं हे ओझं कोणी मोजत नाही. बाई आणि तालुक्यातल्या आणखी दोघी शिक्षिका महिन्यातून एकदा एकमेकींना फोन करतात. मुलांची नावं घेत नाहीत, स्वतःला काय जड गेलं तेवढं बोलतात.

चौथी संपली की मुलं पाचवीला दुसऱ्या शाळेत जातात. त्या दिवशी वह्या ज्याच्या त्याच्या ताब्यात दिल्या जातात. शाळेत प्रत राहत नाही, बाईंच्या मोबाइलमध्येही नाही. घरी ठेवायला जागा सुरक्षित नाही असं ज्याला वाटतं तो काही पानं फाडून टाकू शकतो, आणि काही मुलं तसं करतात. बाईंना त्याचं वाईट वाटत नाही. पान लिहून झालं तेव्हाच त्याचं काम झालं, असं त्या म्हणतात.

केंद्राच्या शिक्षण परिषदेत हा विषय घ्यावा, असं पत्र त्यांनी केंद्रप्रमुखांना दिलंय. पत्रात मागण्या दोनच आहेत. महिन्यातून एकदा तरी केंद्रातल्या शाळांमध्ये समुपदेशक फिरावा, आणि शाळातपासणीला येणाऱ्या कोणत्याही अधिकाऱ्याने या वह्या मागू नयेत.